२जी (पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्वाकर्षण) मधल्या उंदराचा टेंपरेचर ग्राफ कसा वाचायचा

आधी १जी चे, म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाचे, काही दिवस बघा, उंदीर निशाचर, म्हणून रात्री टेंपरेचर वर आणि दिवसा खाली, ही लाट नीट दिसली पाहिजे. मग सेंट्रिफ्यूज (पिंजरा गरगर फिरवून २जी तयार करणारं यंत्र) सुरू झाला ती वेळ शोधा, तिथून रेघ धाडकन खाली येते आणि लाटही चपटी होते, मग काही दिवसांत हळूहळू सावरते. लगेच "घाबरला असेल" म्हणू नका हां! त्याच खोलीत न फिरणारा पिंजरा होता का ते बघा, आवाजाचा परिणाम त्यावरून कळतो. शेपटीचं टेंपरेचरही बघा, उंदीर तिथूनही उष्णता सोडतो. आणि भारी गोष्ट म्हणजे कानात गुरुत्वाकर्षण ओळखणारे बारीक खडे जन्मतःच नसलेल्या उंदरांत ही घसरण जवळपास दिसतच नाही, म्हणजे भानगड कानातून सुरू होते.