छोटा नीलम पारखताना या चुका टाळा

अर्धा ते एक कॅरट वजनाचा नैसर्गिक नीलम अंगठीत किंवा कानांतल्या जोडीत बसवायचा असेल, तर ग्राहक बहुधा एवढेच विचारतो की खडा खरा आहे ना, किती रत्तीचा आहे आणि कुठला आहे. मोठ्या खड्यासाठी हे प्रश्न ठीक असतील. छोट्या खड्याच्या बाबतीत मात्र सगळी सावधगिरी या प्रश्नांवर खर्च होते आणि रंग, घाट आणि खड्यावर झालेली प्रक्रिया या खऱ्या महत्त्वाच्या गोष्टी बघायच्या राहून जातात. शनीसाठी खडा धारण करण्याच्या नियमांचा विचार येथे केलेला नाही. दागिना म्हणून नीलम कसा पारखावा, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

दुकानातील दिव्याखाली रंग ठरवणे

सराफी दुकानातील दिवे सोने आणि हिरे उठून दिसावेत म्हणून लावलेले असतात. तीव्र स्पॉटलाइटखाली गडद नीलमही चमकतो, आणि तोच खडा घरी आणल्यावर शाईच्या थेंबासारखा काळा दिसतो. म्हणून सुटा खडा चिमट्यात धरून दिवसाच्या उजेडात, थेट ऊन पडत नसलेल्या खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर पाहावा, मग दोन बोटांच्या बेचक्यात धरून पाहावा आणि शेवटी घरात असतो तशा साध्या पिवळसर दिव्याखाली पाहावा. काही नीलम दिव्याखाली जांभळट होतात. तो दोष नाही, पण दागिना मुख्यतः संध्याकाळी वापरायचा असेल तर ते आधी कळलेले बरे.

नीलम दोन दिशांनी दोन वेगळे रंग दाखवतो, एका दिशेने जांभळट निळा आणि दुसऱ्या दिशेने हिरवट निळा. कारागिराने कच्चा दगड योग्य दिशेने धरून पैलू पाडले असतील तर वरून पाहताना चांगला निळा रंग समोर येतो; वजन वाचवण्यासाठी दिशा सोडून दिली असेल तर खडा समोरूनच हिरवट वाटतो. रंगाचे पट्टेही पाहावेत. खडा काचेच्या वाटीत पाण्यात बुडवून खाली पांढरा कागद ठेवला की रंग सगळीकडे आहे की एखाद्याच कोपऱ्यात साठला आहे, हे स्पष्ट दिसते. श्रीलंकेच्या अनेक खड्यांत रंग तळाच्या टोकाशी असतो आणि तरीही वरून खडा पूर्ण निळा दिसतो. अशा वेळी वरून दिसणारा रंगच ग्राह्य धरावा.

वजनाला भुलणे

गुंजेवर आधारलेली सोनारी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची असते, रत्नबाजारातील पक्की रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची आणि कॅरट नेमका २०० मिलिग्रॅमचा. म्हणजे एक कॅरटचा खडा पक्क्या रत्तीने सुमारे १.१ रत्तीचा भरतो आणि सोनारी रत्तीने सुमारे १.६५ रत्तीचा. दोन दुकानांतील भाव रत्तीत ऐकून त्यांची तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे. वजन कॅरटमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत आणि सोबत लांबी, रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये मागावी.

मापे मागण्याचे आणखी एक कारण आहे. नीलमाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.०० आहे आणि हिऱ्याचे ३.५२, त्यामुळे ५ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण अर्ध्या कॅरटचा असतो, तर तेवढ्याच व्यासाचा नीलम ०.६० कॅरटच्या आसपास किंवा पुढे जातो. हिऱ्याच्या अंदाजाने अर्ध्या कॅरटचा नीलम घेतला की तो अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. त्यातच वजन टिकवण्यासाठी कारागीर खड्याला खाली पोट ठेवतात; उंची रुंदीच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर जे वजन कोंदणात दडणार आहे, त्याचेही पैसे आपण मोजत असतो.

उलट चूक उथळ घाटाची. तळाचे पैलू सुमारे साडेचौतीस अंशांपेक्षा कमी कोनात पाडले, तर वरून शिरलेला प्रकाश परत न येता खालून निघून जातो आणि मध्यभागी फिकट खिडकी दिसते. खडा वर्तमानपत्रावर ठेवावा. मधून अक्षरे वाचता येत असतील तर ती खिडकी आहे. छोट्या खड्यात थोडी खिडकी चालते, परंतु अर्ध्याहून अधिक भाग पारदर्शक काचेसारखा दिसत असेल तर रंग कितीही गोड असला तरी तो खडा अंगठीत मेल्यासारखाच दिसेल.

“खरा आहे का” एवढ्यावर थांबणे

नीलम दुधात टाकला की दूध निळसर दिसते, ही परीक्षा अजूनही सांगितली जाते. निळी काचही दुधात तोच परिणाम देते. काचेवर ओरखडा उठवून पाहणेही व्यर्थ आहे, कारण प्रयोगशाळेत बनवलेल्या नीलमाची कठिणता नैसर्गिक नीलमाइतकीच, म्हणजे मोहस मापनावर ९ असते. ज्वालेत ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड वितळवून कृत्रिम खडे बनवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांची पद्धत १९०२ पासून जगाला ठाऊक आहे. त्यामुळे आजीच्या अंगठीतला खडा जुना आहे म्हणून नैसर्गिकच असेल, असेही नाही. दहापट भिंगातून पाहताना नैसर्गिक खड्यात रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात वळणारे असतात, तर ज्वालेत वाढवलेल्या खड्यात वक्र रेषा आणि कधी वायूचे बुडबुडे दिसतात. छोट्या खड्यात या रेषा शोधणे सरावलेल्या नजरेलाही जड जाते, हेही तितकेच खरे.

नैसर्गिक ठरल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. बाजारातील बहुतेक नीलम भट्टीत तापवलेले असतात. श्रीलंकेतील गेउडा नावाचे दुधट दगड तापवून निळे करण्याचा धंदा थायलंडमध्ये १९७० च्या दशकात वाढला, आणि आज केवळ उष्णता दिलेला खडा व्यापारात सर्वमान्य आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, फक्त न तापवलेल्या खड्याचा भाव त्याला देऊ नये. टायटॅनियमने केवळ पृष्ठभागाला रंग चढवलेला खडा ही वेगळी गोष्ट आहे: पाण्यात बुडवल्यावर त्याच्या पैलूंच्या कडा गडद दिसतात आणि पुन्हा पॉलिश केल्यास रंग उतरू शकतो. चिरांमध्ये कोबाल्टयुक्त शिशाची काच भरलेला खडा दागिन्यासाठी सर्वांत वाईट, कारण सोनाराच्या बत्तीने, आम्लाने, अगदी लिंबाच्या रसानेही ती काच बिघडते. बेरिलियम हे मूलद्रव्य उष्णतेने खड्यात भिनवण्याची प्रक्रिया मुख्यतः पिवळ्या-नारिंगी खड्यांवर होते, पण अतिगडद निळे खडे उजळण्यासाठीही ती वापरतात आणि ती भिंगाने ओळखू येत नाही.

म्हणून प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागावा, आणि त्यातील प्रक्रियेचा उल्लेख आधी वाचावा. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरचे आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) अशा संस्थांकडे सुटा खडा तपासून घेता येतो. अहवालावरील वजन आणि मापे हातातल्या खड्याशी जुळवून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पाव कॅरटच्या जोडखड्यांना मात्र अहवालाचा खर्च परवडत नाही; तेथे पावतीवर “नैसर्गिक नीलम, केवळ उष्णता दिलेला” असे लिहून घेणे पुरेसे मानावे.

उगमाबद्दल थोडक्यात. काश्मीरच्या पाडर भागातील खाण १८८० च्या दशकाच्या सुरुवातीस उजेडात आली आणि तिचे चांगले उत्पादन काही वर्षांतच ओसरले. आज छोटा खडा “काश्मिरी” म्हणून दाखवला जातो तेव्हा बहुधा रंगाचे वर्णन केलेले असते, आणि त्या वर्णनासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

बसवल्यावर आलेल्या अडचणी

काही महिन्यांत खडा मंद झाला तर खड्यालाच दोष देऊ नये. साबण आणि हाताला लावायचे क्रीम यांचा थर तळाच्या पैलूंवर साचतो; कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी तो निघतो, मात्र त्यासाठी कोंदण मागून उघडे हवे. बसवल्यापासूनच खडा काळपट वाटत असेल तर बंद कोंदण हे कारण असू शकते. अंगठी दुरुस्तीहून आल्यावर चिरा पांढुरक्या दिसू लागल्या तर काच भरलेली असण्याची शक्यता मोठी.

पैलूंच्या कडा वर्ष-दोन वर्षांत झिजून गोलसर झाल्या असतील तर संशय अधिक गंभीर आहे. धुळीतील क्वार्ट्झ या खनिजाची कठिणता ७ असते, तिने नीलम झिजत नाही. कायनाइट आणि टांझानाइट ही वेगळी रत्ने आणि काच हे झिजतात आणि तेही निळे असतात. असा खडा कोंदणातून काढून तपासून घ्यावा, आणि तोवर पुन्हा पॉलिश करण्यास संमती देऊ नये.