रॅफिया पाम: धाग्याची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

रॅफिया या ताडवर्गीय झाडाचा धागा म्हणजे न उमललेल्या पानाच्या पातीवरचा पातळ पापुद्रा. झाडाची आबाळ झाली की सुईपान (सुईसारखे मिटलेले नवे पान) आखूड निघते आणि धागाही तोकडाच मिळतो.

बी वाळवून ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. वाळलेले बी सहसा उगवत नाही. ताज्या फळाचे खवले सोडवा, बी ३-४ दिवस पाण्यात ठेवून रोज पाणी बदला आणि २५-३० अंश तापमानात ओलसर कोकोपीटमध्ये लावा. उगवायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे मधेच उकरून पाहू नका.

मादागास्करमध्ये हे झाड ओढ्याकाठी, दलदलीत वाढते. त्याला पाणी साचलेले चालते, पण मुळे कोरडी पडलेली चालत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी पडली तर बहुधा लोह कमी पडलेले असते. जुनी पाने नारिंगी-पिवळी होत असतील तर पालाश (पोटॅशियम) कमी आहे. अशी पाने छाटण्याचा मोह होतो, पण झाड त्यांच्यातलाच पालाश नव्या पानाला पुरवत असते. ती छाटली की पिवळेपणा वरच्या पानांवर चढतो. दोन झाडांत किमान ६-८ मीटर अंतर हवेच.

काढणीत खरी परीक्षा. पान उमलले की पापुद्रा चिवट होऊन तुकड्यांत निघतो, म्हणून सुई पूर्ण लांब झाल्यावर, पण पाती सुटण्याआधी कापा. कोयता खाली कोंबापर्यंत गेला तर ते खोड संपलेच. एक सुई काढल्यावर पुढच्या दोन उमलू द्या.

सोलणे त्याच दिवशी उरका, कारण सुकलेल्या पातीला पापुद्रा घट्ट चिकटतो. आधी हीर (पातीची मधली काडी) काढा. मग पातीच्या टोकाजवळ एका बाजूने आडवा, उथळ छेद द्या. दुसऱ्या बाजूचा पापुद्रा अखंड राहायला हवा. छेदाशी पाती मोडा आणि पापुद्रा एका संथ ओढीत खेचा. हिसका दिला की तो तिरका फाटतो. पट्ट्या लगेच उन्हात पसरा. दमट असताना बांधलेल्या जुडीवर काळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.

खोड एकदाच फुलते आणि फळे पिकल्यावर मरते. पोय (फुलोरा) दिसेपर्यंत थांबू नका; दर काही वर्षांनी थोडी नवी रोपे लावत राहा.