रीफ टँकमधलं नायट्रेट उतरवताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तीन फुटी रीफ टँक आहे, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक. खालचा सम्प (फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. दोन वर्षांपूर्वी गणपतीला पाच दिवस गावी जाऊन आलो तर झोअँथस आणि मशरूम हे मऊ प्रवाळ मिटलेले, आक्रसलेले आणि काचेवर तपकिरी थर. टेस्ट केली, विष्ठा आणि खाणं कुजून पाण्यात साठणारं नायट्रेट ८० पीपीएम (लिटरला ८० मिलिग्रॅम)! शेजारच्या काकूंना मासे सांभाळायला सांगितलं होतं आणि त्यांनी ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणून दोन वेळा मूठभर खाणं घातलं होतं. झालं, खापर त्यांच्यावर फोडून मी मोकळा.

पण पाच दिवसांच्या जास्तीच्या खाण्याने आकडा एवढा चढत नाही. मी आधीचे चार महिने टेस्टच केली नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत जे उद्योग केले त्यातले निम्मे चुकीचे होते. खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

आकडा न तपासता धावाधाव

दोन बाटल्यांच्या टेस्ट किटमध्ये दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती बाटली अर्धा मिनिट दणादण आपटून हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. माझ्याकडे एकदा १० आला, बाटली नीट हलवल्यावर त्याच पाण्यात ४०. ट्यूबचा रंग निळ्या रीफ लाइटखाली बघू नका, दिवसा खिडकीशी जा. लाल रंग तक्त्याच्या टोकाला गेला असेल तर टँकचं पाणी १ भाग आणि शुद्ध पाणी ४ भाग मिसळून पुन्हा टेस्ट करा आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणा. काही किट नायट्रेट न दाखवता फक्त त्यातला नायट्रोजन दाखवतात, तो ४.४ ने गुणावा लागतो. डबीवरचं बारीक अक्षर वाचलं नाही तर ४४ ला १० समजून निवांत बसाल.

स्वयंपाकघरातलं आरओ पाणी

मला सगळ्यात महागात पडलेली चूक ही. टँकचं मीठ मिसळायला आणि रोजच्या टॉप-अपला, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढायला, मी घरच्या प्युरिफायरचं पाणी वापरत होतो. आरओ म्हणजे शुद्ध, असा हिशोब. एका रविवारी मित्राने टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणला आणि जगमध्ये बुडवला. १४०. तो माझ्याकडे बघतोय, मी मीटरकडे. मग त्याच पाण्याची नायट्रेट टेस्ट केली, १५ आलं.

पिण्याच्या अनेक प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. पाण्याला चव राहावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून (आरओच्या बारीक गाळणीतून) न गेलेलं थोडं पाणी पुन्हा मिसळतो. त्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी असतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १५ चं पाणी आपण बिनधास्त पिऊ शकतो. टँकचं गणित मात्र वेगळं. पंख्याखाली माझ्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, नायट्रेट मागे राहतं. रोज ३ लिटर टॉप-अप म्हणजे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर, २०० लिटरमध्ये महिन्याला जवळपास ७ पीपीएम. चार महिन्यांत २७! काकूंची माफी मागायला मी लाडू घेऊन गेलो.

म्हणून टँकसाठी वेगळा आरओ ठेवा, मिक्सिंग नसलेला आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे) असलेला. नायट्रेटला मेम्ब्रेन पूर्ण अडवत नाही, उरलेलं रेझिन पकडतं. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. १-२ दिसू लागलं की रेझिन बदला, ‘अजून एक महिना चालवू’ करू नका.

‘खाडी दहा मिनिटांवर, मीठ कशाला विकत घेता?’ असं विचारणारे भेटतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, फ्लेमिंगो तिथल्या शेवाळावर खूश असतात. ज्या पाण्यात शेवाळ एवढं माजतं ते आपल्या टँकमध्ये नको.

एका रविवारात निकाल हवा

दोष पाण्यातच आहे हे कळल्यावर मी टँकचं ७० टक्के पाणी एकदम बदललं. नायट्रेट उतरलं, पण नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान मी जुळवलंच नव्हतं. दोन मशरूम दगडावरून सुटून तरंगले. महिनोन्‌महिने चढलेला आकडा झटक्यात खाली आणला की प्रवाळ त्यानेच कोलमडतात. आठवड्याला २० टक्के पुरे. शुद्ध पाण्याने ८० चे ६४, मग ५१, ४१, ३३, पाचव्या आठवड्याला २६. टँकमध्ये रोज नवीन नायट्रेट तयार होतच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होणार.

त्याच रविवारी मी दगडही काढून नळाखाली धुतले. जे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात ते त्या दगडांवर आणि त्यांच्या छिद्रांत राहतात. नळाच्या क्लोरिनने त्यातले बरेच मेले आणि आठवडाभर अमोनिया सांभाळत बसलो. दगड धुवायचेच असतील तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हिसळा. वाळूसुद्धा एका वेळी एक तृतीयांश साफ करा. जुना, चार इंची वाळूचा थर एकदम ढवळला की आतला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो आणि मासे पटापट मरतात. (दगडांवरून आठवलं: किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.)

फिल्टरचा सॉक (गाळणीची कापडी पिशवी) आणि स्पंज मात्र आळस न करता तीन-चार दिवसांनी बदला. त्यात अडकलेली विष्ठा आणि खाणं तिथेच कुजून नायट्रेट बनतं.

खाण्याचं काय? बाजारातली कोळंबी घालत असाल तर सोलून, धुऊन, बारीक करून घाला, तिचं पाणी ओतू नका. गावी जाताना मेडिकलमधून औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणा, रोजचं खाणं त्यात भरा आणि बाकीचा डबा कपाटात लपवा. काकू आता प्रेमाने फक्त एकच कप्पा रिकामा करतात.

व्होडका, व्हिनेगर आणि घाई

नायट्रेट उतरवायची आणखी एक पद्धत म्हणजे कार्बन डोसिंग. त्यात व्होडका किंवा पांढरं व्हिनेगर जिवाणूंना खाऊ म्हणून देतात. ते वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर (फेस करून घाण वेगळी काढणारं यंत्र) त्यांना बाहेर काढतो. म्हणजे स्किमर नसेल तर या वाटेला जाऊच नका. १०० लिटरला रोज ०.१ मिलिलिटर व्होडका इतक्या थोड्यावर सुरुवात करा आणि आठवड्याला थोडी वाढवा. व्हिनेगर घेतलं तर साधारण आठपट. मी चौथ्याच दिवशी डोस तिप्पट केला. सकाळी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंड उघडत होते. वाढलेले जिवाणू ऑक्सिजन संपवतात, त्यात वीज गेली की संपलंच. बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, बाटली नंतर.

डोस चालू आहे, तरी नायट्रेट हलत नाही? फॉस्फेट मोजा. शेवाळाच्या रागाने मी फॉस्फेट शोषणारं माध्यम इतकं घातलं होतं की फॉस्फेट शून्यावर गेलं होतं, आणि त्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत. माध्यम काढलं, पंधरवड्यात आकडा घसरायला लागला.

हे सगळं झेपत नसेल तर सम्पमध्ये केटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा आणि रात्रभर चालणारा दिवा ठेवा, ते वाढताना नायट्रेट ओढून घेतं. वाढलेला भाग दर महिन्याला कापून फेका.

नायट्रेट ५ ते १० च्या आसपास आलं की हात आवरा. मी शून्याच्या मागे लागलो तेव्हा वाळूवर बुडबुडे धरलेला चिकट तपकिरी थर आला, डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्मजीवांचा. ते घालवायला मला व्होडका बंद करून उलट मासेच जास्त खाऊ घालावे लागले. काकूंना बोलावून सांगितलं, ‘या आठवड्यात दोन कप्पे चालतील.’