मुलांसाठी आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर: निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

दिवाळी झाली की कोकणातलं आकाश उघडतं. दापोली, गुहागर, देवगडकडच्या सड्यांवर अजूनही असा काळोख मिळतो, जो मुंबई-पुण्याच्या मुलांना गाडी करून शोधायला जावं लागतं. आपल्या मुलांना तो खळ्यात उतरलं की मिळतो. म्हणून त्यांच्या हातात एखादं चांगलं सॉफ्टवेअर पडावं, असं मला फार वाटतं. पण होतं असं की कुणीतरी सुचवलेलं ॲप उतरवलं जातं, त्यातलं आकाश आणि डोक्यावरचं आकाश जुळत नाही, आणि दोन-तीन संध्याकाळींत मुलाचा उत्साह ओसरतो. यात मुलाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा निवड चुकलेली असते, नाहीतर जागा आणि वेळ नीट भरलेली नसते.

जास्त तारे असलेलं ते चांगलं, ही समजूत

सॉफ्टवेअर निवडताना लोक विचारतात, यात किती तारे आहेत? नुसत्या डोळ्यांना, अगदी काळ्याभोर आकाशातही, एका वेळी फार तर अडीच-तीन हजार तारे दिसतात. स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशीच सहा लाखांच्या आसपास तारे असतात. मुलाला त्यातले पंधरा-वीस ओळखायचे आहेत. बाकीचे लाखो त्याच्या वाटेत येतात.

नवशिक्यासाठी सॉफ्टवेअर पारखताना मी एवढंच बघतो: उघडल्याबरोबर आपल्या गावचं, आत्ताचं आकाश दिसतं का? नको ते एका बटणात लपवता येतं का? नेट नसताना चालतं का? शेवटचा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा. खाडीपल्याडच्या वाडीत रेंज मिळायला टेकडीवर जावं लागत असेल, तर प्रत्येक वेळी नेट मागणारं ॲप काय कामाचं?

लॅपटॉप किंवा घरचा कॉम्प्युटर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्टेलॅरियम घ्या. ते फुकट आहे, खुल्या स्रोताचं आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो), जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं. फाइल मोठी असते, तेव्हा बाजारपेठेच्या गावी नेट चांगलं मिळेल तिथे उतरवून पेन ड्राइव्हवर आणा. फोनवर स्टेलॅरियमची मोफत आवृत्ती किंवा अँड्रॉइडवरचं स्काय मॅप पुरेसं आहे. सेलेस्टिया सुंदर आहे, पण ते मुलाला पृथ्वीवरून उचलून थेट शनीजवळ नेतं. आकाश ओळखायला शिकणाऱ्यासाठी ते नंतरचं. केस्टार्स आणि कार्त द्यु सिएल ही दुर्बीण हाताळायला लागल्यावरची साधनं. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला तर मी सॉफ्टवेअर देणारच नाही. त्याच्यासाठी मोठ्या माणसाने आधी बघून घ्यावं आणि बोट दाखवून सांगावं.

फोनच्या स्टोअरमध्ये ‘ग्रह तारे’ असं शोधलं की निम्मी ॲप कुंडली आणि भविष्याची निघतात, हेही ध्यानात ठेवा. काही ‘मोफत’ ॲप चार दिवसांनी पैसे मागू लागतात. मुलाच्या हातात देण्याआधी फोनवरून होणाऱ्या खरेदीला पासवर्ड लावा.

आपलं आकाश पॅरिसचं राहतं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. कॉम्प्युटरवरच्या स्टेलॅरियमला नेट मिळालं नाही आणि तुम्ही जागा सांगितली नाही, तर ते पॅरिसचं आकाश दाखवतं. खाली दिसणारी हिरवी शेतं आणि घरंही फ्रान्समधल्या एका खेड्याची आहेत. नेट असेल तर ते अंदाजाने जवळचं मोठं शहर पकडतं. मालवणात बसून मुंबई दिसली तर ताऱ्यांच्या ओळखीत फारसा फरक पडत नाही, तिथे जीव टांगू नका. पॅरिसने मात्र सगळं बिघडतं.

एफ ६ दाबा, जागेची खिडकी उघडेल. गाव यादीत सापडलं तर ठीक, नाहीतर आकडे भरा. अलिबाग साधारण १८.६ उत्तर आणि ७२.९ पूर्व, रत्नागिरी १७.० आणि ७३.३, मालवण १६.१ आणि ७३.५. मधल्या गावांना यांतलं जवळचं चालेल. टाइम झोन कोलकात्याचा, म्हणजे अधिक साडेपाच तास. हीच जागा कायमची ठेवायच्या खुणेवर टिचकी मारा. मग एफ २ च्या खिडकीत जाऊन सेटिंग सेव्ह करायचं बटण दाबा. ते राहिलं की दुसऱ्या दिवशी बाकीचे बदल पुसले जातात आणि लोक म्हणतात, सॉफ्टवेअर खराब आहे.

जागा बरोबर लागली की नाही, हे ध्रुवताऱ्यावरून कळतं. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळपास आपल्या अक्षांशाइतकीच असते. रत्नागिरीत ती १७ अंशांच्या आसपास हवी, पॅरिसमध्ये ती ४९ असते. स्क्रीनवर ध्रुवावर टिचकी मारा, उंचीचा आकडा दिसेल. मग मुलाला बाहेर नेऊन हात लांब करायला लावा. ताणलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश झाकते, मुलाचा हात आखूड आणि मूठही लहान, त्यामुळे हिशेब त्यालाही लागू पडतो. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली सापडायला हवा.

दुसरी कसोटी अगस्त्य या ताऱ्याची, आणि ती मला जास्त आवडते. पॅरिसहून अगस्त्य कधीच उगवत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो दक्षिणेला, व्याधाच्या बराच खाली, क्षितिजापासून साधारण २० अंशांवर झळकतो. मे महिन्यात, ढग यायच्या आधी, त्रिशंकू हा तारकासमूहही दक्षिणेला नीट दिसतो, त्याचा सर्वांत खालचा तारा रत्नागिरीहून जेमतेम १० अंश वर येतो. तुमच्या स्क्रीनवर हे दोघे येतच नसतील तर जागा चुकली. स्क्रीनवर आहेत पण बाहेर दिसत नाहीत, तर माड आड आले असतील. घरामागच्या वाडीतून हलून पुळणीवर किंवा सड्यावर जा. स्टेलॅरियममध्ये ते फ्रान्सचं शेत बदलून ‘ओशन’ हे दृश्य लावलं तर क्षितिज मोकळं होतं. ‘जी’ ही कळ दाबून जमीन पूर्ण काढली, तर मात्र क्षितिजाखालचे, म्हणजे न उगवलेले, तारेही दिसू लागतात आणि मूल ते बाहेर शोधत बसतं.

फोन भलतीकडेच बोट दाखवतो

फोन आकाशाकडे धरला की नावं दाखवणारी ॲप फोनमधल्या होकायंत्रावर चालतात. ते होकायंत्र लोखंडाला आणि चुंबकाला बिचकतं. चुंबकी झाकणाचं कव्हर, मोटरसायकलची टाकी, पत्र्याची शेड, लोखंडी सळ्यांची गच्ची, यांतलं काहीही जवळ असलं की दिशा फिरते. कव्हर काढा, मोकळ्यावर जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात चार-पाचदा फिरवा. तरीही आकाश जागचं हलत नसेल, तर त्या फोनमध्ये होकायंत्रच नसण्याची शक्यता मोठी आहे. स्वस्तातल्या पुष्कळ फोनमध्ये ते नसतं. त्यावर बोटाने आकाश सरकवायचं, बाकी सगळं तसंच चालतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला दिशा तपासायला होकायंत्र लागत नाही. उघड्या समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर, डाव्या हाताला दक्षिण. फोनमधला ध्रुव उजवीकडे यायला हवा. खाडीच्या काठी हा हिशेब चुकेल, कारण खाडी कुठल्याही दिशेला वळते. सूर्य मावळतो ती जागाही वर्षभर सरकते: रत्नागिरीहून डिसेंबरात ती नेमक्या पश्चिमेच्या डावीकडे साधारण २५ अंश, जूनमध्ये तेवढीच उजवीकडे. आणि पश्चिमेला पाण्यालगत स्थिर तेजस्वी ठिपका दिसला तर शुक्र म्हणण्याआधी जरा थांबा, ट्रॉलरचा दिवा असू शकतो. शुक्र पंधरा मिनिटांत खाली सरकलेला दिसेल.

काय चुकलंय, हे आकाशच सांगतं

नुसतं ‘जुळत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. कसं जुळत नाही, ते बघा. तारे बरोबर आहेत पण चंद्र आणि ग्रह भलत्याच जागी, तर वर्ष चुकलंय. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे हमखास होतं: आतला छोटा सेल संपलेला असतो, वीज गेली की तारीख अनेक वर्षं मागे जाते, आणि सॉफ्टवेअर बिचारं त्या वर्षाचे ग्रह इमानाने दाखवतं. सेल स्वस्त मिळतो, बदलून घ्या. सगळं आकाशच पूर्व-पश्चिम सरकलेलं असेल तर वेळ किंवा टाइम झोन बघा. ध्रुव फार उंच असेल तर अक्षांश. आणि आकाश पळत असेल, तर कुणीतरी एल दाबून काळ वेगाने सोडला आहे. ८ दाबा, आत्ताची वेळ परत येईल. के दाबा, गती नेहमीची होईल.

चंद्राची तपासणी तर घरातच होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. दर्यावर जाणाऱ्या घरात तेही लागत नाही, उधाण कधी ते सगळ्यांना ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आहे आणि स्क्रीनवर अर्धा चंद्र, तर तारीख चुकलीच.

कॅलेंडर आणि सॉफ्टवेअरचं भांडण लावू नका

मूल विचारतं: १४ जानेवारीला मकरसंक्रांत, मग सॉफ्टवेअर सूर्य धनू तारकासमूहात का दाखवतं? ‘ते परदेशी आहे’ असं म्हणून टाळू नका, उत्तर फार सुंदर आहे. पंचांगातल्या बारा राशी प्रत्येकी ३० अंशांच्या, एकसारख्या. सॉफ्टवेअर वापरतं ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे ८८ तारकासमूह, ज्यांच्या हद्दी १९३० साली पक्क्या झाल्या आणि ज्या लहानमोठ्या आहेत. सूर्य कन्येत दीड महिना राहतो, वृश्चिकात जेमतेम आठवडाभर, आणि मधे भुजंगधारी नावाचा तेरावा समूहही ओलांडतो. दोन मोजपट्ट्या आहेत, दोन्ही आपापल्या जागी चालतात.

मृगाचं तर याहून छान. ‘मृग लागलं’ म्हणून पेरण्या होतात, आणि मुलं रात्री मृग शोधायला जातात. तो दिसणं शक्यच नाही, कारण मृग लागतं तेव्हा सूर्यच त्या भागात असतो. सॉफ्टवेअरमध्ये ८ जूनची दुपार लावा आणि ए दाबून वातावरण काढून टाका. भर दिवसा तारे उमटतील, सूर्य रोहिणी आणि मृगाचं डोकं यांच्या दरम्यान दिसेल. आजीच्या तोंडी असलेलं मृग नक्षत्र आणि पुस्तकातला मृग एकच, हे मुलाला तिथे डोळ्यांनी दिसतं. मला वाटतं, सॉफ्टवेअरचा याहून चांगला उपयोग नाही.

नावांचंही तसंच. स्क्रीनवर सिरियस, कॅनोपस, अल्डेबरान, व्हेगा येईल. एका कागदावर व्याध, अगस्त्य, रोहिणी, अभिजित अशी जोडी लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा.

स्क्रीनकडे बघत उभं राहणं

काळोखाला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पांढरा उजेड ते क्षणात मोडतो. लाल रंगाची रात्रीची सोय चालू करा, उजेड अगदी कमी ठेवा. त्याहून बरं म्हणजे तिन्हीसांजेला घरात बसून त्या रात्रीच्या तीन गोष्टी निवडा, कागदावर काढा आणि फोन घरी ठेवून बाहेर पडा. सड्यावर जाताना पायात बूट आणि वाट बघायला बॅटरी हवीच.

देवयानीची आकाशगंगा स्क्रीनवर मोठी करून दाखवाल तर तो दुर्बिणीतून काढलेला फोटो असतो. बाहेर ती एक धूसर डाग दिसते. हे आधीच सांगा.

पावसाळ्यात सॉफ्टवेअर बंद ठेवणं

जून ते सप्टेंबर आकाश दिसत नाही म्हणून बहुतेक जण ते विसरूनच जातात. हाच काळ मागचं आकाश बघण्याचा आहे. जागा विजयदुर्ग लावा, तारीख १८ ऑगस्ट १८६८, आणि सकाळपासून वेळ हळूहळू पुढे न्या. सूर्य पूर्ण झाकला जाईल. त्या खग्रास ग्रहणाची पट्टी कोकणातून आंध्रच्या किनाऱ्याकडे गेली होती. गुंटूरहून फ्रेंच शास्त्रज्ञ यानसेन यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि त्या वर्षीच्या निरीक्षणांतून पुढे हेलियमचा शोध लागला. आता तारीख तीच ठेवून जागा मुंबई करा: ग्रहण खंडग्रास होईल. मग २६ डिसेंबर २०१९ टाका. रत्नागिरीत खंडग्रास दिसेल, जागा केरळातलं कन्नूर केली की कंकण. तेव्हा ज्यांनी शाळेच्या मैदानावर चष्मे लावून ते ग्रहण बघितलं होतं, त्यांना आपल्या गावच्या सकाळशी स्क्रीन ताडून बघता येईल.