क्वॉड आणि टेट्रा: चारचे इंग्रजी शब्द वाचायचे कसे, बोलायचे कसे

सेमी इंग्रजीच्या मुलांची ही अडचण मला पाचोऱ्यातल्या वर्गात नेहमी दिसते. चौकोनाची उदाहरणं ती बरोबर सोडवतात, पण 'क्वॉड्रिलॅटरल' मोठ्यानं वाचायला सांगितलं की आवाज खाली जातो. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि गणिताच्या पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषा ही पोरं एकाच दिवसात सांभाळतात. त्यांच्यासाठी आणि संध्याकाळी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आयांसाठी हे लिहितेय.

अख्खा शब्द पाठ करू नका. आधी त्याची सुरुवात बघा. 'क्वॉड' दिसलं की चार, 'टेट्रा' दिसलं तरी चार. पहिलं लॅटिनमधून आलं, दुसरं ग्रीकमधून. आपल्याकडेही चारची दोन रूपं आहेतच: जळगावच्या अजिंठा चौफुलीतला 'चौ' आणि चतुर्भुजमधला 'चतुर्'.

आता उच्चार. बहुतेक मुलं 'कुवाड' म्हणतात, म्हणजे एका आवाजाचे दोन तुकडे करतात. त्यांना मी आधी 'क्वचित' म्हणायला लावते. 'पक्व' म्हणा. हा 'क्व' आपल्या जिभेला येतोच, नवा काही शिकायचा नाही. फरक फक्त ओठांचा. मराठी 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, इथे तो जाऊ द्यायचा नाही. शिट्टी वाजवताना करतो तसे दोन्ही ओठ गोल करा आणि लगेच 'डॉक्टर'मधला 'ऑ' सोडा: क्वॉ. आरसा समोर धरला तर चूक लगेच दिसते. स्पेलिंगमध्ये 'क्यू'नंतर 'यू' येतो, त्याचा वेगळा 'उ' करायचा नाही.

यानंतर जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं बोलतो, इंग्रजीत एका ठिकाणी दाब पडतो. तिथे बाकावर थाप मारायची. 'क्वॉड्रंट' म्हणजे वर्तुळाचा किंवा आलेखाचा चौथा भाग, थाप 'क्वॉ'वर. 'क्वॉड्रुपेड' म्हणजे चार पायांचा प्राणी, थाप तिथेच. पण 'क्वॉड्रिलॅटरल'मध्ये थाप 'लॅ'वर पडते. 'लॅटरल' म्हणजे बाजूचा, म्हणून चार बाजूंची आकृती. लग्नात शूटिंगसाठी उडवतात तो चार पंख्यांचा ड्रोन म्हणजे 'क्वॉडकॉप्टर'. हा शब्द पोरांना सांगावाही लागत नाही.

दहावीची मुलं 'क्वॉड्रॅटिक'पाशी अडतात, आणि त्यांची शंका अगदी रास्त असते: वर्गसमीकरणात घात तर दोनच, मग चार कुठून आला? लॅटिनमध्ये चौरसाला 'क्वाद्रातुम' म्हणत, कारण त्याला चार बाजू. एक्सचा वर्ग म्हणजे एक्स बाजू असलेल्या चौरसाचं क्षेत्रफळ. चार आहे तो चौरसाच्या बाजूंचा, घाताचा नाही. वहीत चौरस काढून दाखवा, शंका तिथेच मिटते. इथे थाप 'ड्रॅ'वर.

'टेट्रा' बोलायला सोपा आहे. 'टेट्राहीड्रन' म्हणजे चार पृष्ठांची घनाकृती, थाप 'ही'वर. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला लाटा अडवायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे म्हणजे 'टेट्रापॉड', थाप 'टे'वर. कार्बन टेट्राक्लोराइडच्या रेणूत क्लोरीनचे चार अणू असतात. गुरांचे डॉक्टर देतात त्या 'ऑक्सिटेट्रासायक्लीन'च्या रेणूत चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. ज्याच्या गोठ्यात गाय आहे, तो मुलगा हे विसरत नाही. एवढा लांब शब्द ऑक्सि, टेट्रा, सायक्लीन असा तोडून म्हणवून घ्या, मग जोडा. टेट्रा पॅकची सुरुवातीची पाकिटंही त्या चार पृष्ठांच्या आकाराची होती, नाव त्यावरून पडलं. ही कंपनी 1951 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली.

दिसायला जवळचे पण चारचे नसलेले दोन शब्द वेगळे लिहून ठेवा. 'टेटनस', म्हणजे धनुर्वात, यात 'ट्रा' नाहीच. तो ताठरण्याच्या ग्रीक शब्दावरून आला. आणि 'क्वारंटीन' चाळीसवरून आला: साथीच्या काळात व्हेनिसला जहाजं चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत.