पहिल्या वर्षाची गळती : संगणकाने काय करावे आणि प्राध्यापकाने काय

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी महाविद्यालय सोडतो तेव्हा तो सहसा सांगून सोडत नाही. आधी सकाळचे तास बुडतात, मग प्रात्यक्षिके, मग अंतर्गत परीक्षा, आणि परीक्षा अर्जाची मुदत उलटल्यावर कार्यालयाच्या लक्षात येते की हे नाव आता फक्त हजेरीपटावर उरले आहे. या प्रत्येक टप्प्याची नोंद आज महाविद्यालयाच्या संगणकात होत असते. अडचण अशी की ती नोंद वेळेवर वाचून त्यावर काही करणारा माणूस नेमलेला नसतो. पुढील सूचना तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील प्राचार्य आणि मेंटॉर प्राध्यापक (ज्यांच्याकडे विद्यार्थ्यांचा एक गट लक्ष ठेवण्यासाठी सोपवलेला असतो) यांना डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत.

सर्वप्रथम हजेरीकडे पाहण्याची पद्धत बदलावी. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम परीक्षेला बसू देण्यासाठी ठीक असला, तरी गळतीची चाहूल लागण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. दहा आठवडे नियमित आलेला मुलगा पुढचे दोन आठवडे फिरकलाच नाही, तरी त्याची हजेरी ८३ टक्के दिसते आणि तो कोणत्याही ‘डिफॉल्टर’ यादीत येत नाही. म्हणून संगणकाकडून टक्केवारी न मागता सलग गैरहजेरी मागावी : सलग पाच दिवस एकाही तासाला न आलेल्यांची यादी दर शनिवारी मेंटॉरच्या हाती पडावी. तिच्यात अंतर्गत परीक्षा न दिलेले, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेले आणि मुदत संपायला तीन दिवस उरले तरी परीक्षा अर्ज न भरलेले, एवढीच आणखी नावे घालावीत. यापेक्षा जास्त निकष लावले की यादी लांबते, आणि लांब यादी कोणी वाचत नाही.

या यादीचा उपयोग फोन नंबर बरोबर असेल तरच होतो. प्रवेश अर्ज सायबर कॅफेत भरला असेल, तर त्यावर कॅफेचालकाचा, मामाचा किंवा केव्हाच बंद पडलेला नंबर असणे मुळीच दुर्मीळ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ या नवागतांच्या स्वागत व ओळखीच्या उपक्रमातील पहिल्या आठवड्यात भाषणे थोडी कमी करून प्रत्येक मेंटॉरने आपल्या गटातील विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच नंबरावर एक फोन लावून पाहावा. नंबरही तपासला जातो आणि ओळखही होते.

तंत्रज्ञानाने गळती कमी केल्याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा दाखला नेहमी दिला जातो. तेथे २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींतील आठशेहून अधिक धोक्याच्या खुणांवर संगणक रोज नजर ठेवतो. मात्र ते सॉफ्टवेअर घेतानाच त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी बेचाळीस नवे सल्लागार नेमले, हा भाग आपल्याकडच्या सादरीकरणांत बहुधा गळून पडतो. नवी पदे मंजूर होणे आपल्या हाती नाही हे खरे. पण एका मेंटॉरकडे ऐंशी विद्यार्थी सोपवून फक्त नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी सह्या गोळा करण्यापेक्षा, प्रत्येक प्राध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास या कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवणे प्राचार्यांना शक्य आहे.

यादीतील विद्यार्थ्याला पहिला संपर्क आपोआप जाणाऱ्या एसएमएसने करू नये. ‘आपली उपस्थिती असमाधानकारक आहे, पालकांसह भेटावे’ हा मजकूर आला की आधीच अवघडलेला मुलगा पुढे आठवडाभर तोंड दाखवत नाही. फोन करावा आणि सुरुवातीलाच सांगावे, ‘हजेरीसाठी फोन केलेला नाही, आठवडाभर दिसला नाहीस म्हणून विचारतोय. घरी सगळे ठीक आहे ना?’ एवढे विचारून थांबावे. उत्तर पुष्कळदा फार साधे निघते : ‘सर, एसटीचा पास संपलाय, बोनाफाईडसाठी दोनदा आलो होतो, पण खिडकी बंद होती.’ अशा वेळी उपदेश न करता बोनाफाईड (महाविद्यालयाचा विद्यार्थी असल्याचा दाखला) काढून ठेवावे आणि कोणत्या दिवशी न्यायचे ते सांगावे. सोयाबीनची काढणी, घरातील आजारपण किंवा रात्रपाळीची नोकरी ही कारणे निघाली, तर नोट्स, प्रात्यक्षिकांची वेगळी बॅच किंवा ‘कमवा आणि शिका’ योजनेतील काम यांपैकी काय देता येईल ते त्याच बोलण्यात ठरवावे.

मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. नोंदवलेला फोन अनेकदा वडिलांच्या किंवा भावाच्या हाती असतो, आणि ‘तुमची मुलगी आठवडाभर कॉलेजात नाही’ या एका वाक्याने तिचे शिक्षण कायमचे बंद होऊ शकते. आधी तिच्या वर्गमैत्रिणीमार्फत निरोप द्यावा, फोन शक्यतो प्राध्यापिकेने करावा, आणि घरच्यांशी बोलण्याची वेळ आलीच तर अभ्यासाच्या चौकशीने सुरुवात करावी.

शिष्यवृत्तीच्या कामात संगणक आणि माणूस यांची सांगड सर्वांत जास्त लागते, आणि नेमकी तेथेच ती तुटलेली असते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या आणि प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे सरकतो. उत्पन्नाचा दाखला जुना असणे, आधार बँक खात्याशी जोडलेले नसणे किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असणे, अशा कारणांनी तो परत येतो. तशी सूचना पोर्टलवर दिसते, पण विद्यार्थी अर्ज भरल्यानंतर पुन्हा लॉगिन करतोच असे नाही. कित्येकांचा पासवर्डही कॅफेचालकाकडेच असतो. त्यामुळे परत आलेल्या अर्जांची यादी लिपिकाने दर आठवड्याला मेंटॉरला द्यावी आणि मेंटॉरने विद्यार्थ्याला ‘काय चुकले’ हे न सांगता ‘कोणता कागद, कोठून आणि कधीपर्यंत आणायचा’ हे सांगावे. फीची थोडी बाकी राहिल्यामुळे परीक्षा अर्ज अडवला जात असेल, तर शिक्षकांच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून ती तात्पुरती भरण्याची सोय असावी. जॉर्जिया स्टेटनेही २०११ पासून अशी छोटी अनुदाने दिली आहेत.

व्हॉट्सॲप गट वेळापत्रकापुरते ठेवावेत. गैरहजर विद्यार्थ्यांची किंवा फी थकलेल्यांची नावे गटात टाकणे ही शिस्त नव्हे, ती जाहीर बेअब्रू आहे. जात, उत्पन्न, आजार यांच्या नोंदी तर मेंटॉरच्या वहीबाहेर जाताच कामा नयेत. अर्जाची अंतिम तारीख कोणती, खिडकी किती वाजता उघडते, अशा प्रश्नांना चॅटबॉटने उत्तर दिले तर उत्तमच, कारण लिपिकाचा तेवढा वेळ माणसांसाठी मोकळा होतो. मात्र एखाद्याच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर जाणवला, तर त्याला एकटे सोडू नये. मेंटॉरने स्वतः समुपदेशक होऊ न पाहता त्याच्याजवळ बसून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन लावून द्यावा आणि विश्वासातील व्यक्तीला बोलावून घ्यावे.

एवढे करूनही काही जण जातातच. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाची किमान ४० श्रेयांके (क्रेडिट) आणि जोडीला ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परतता येते आणि पदवी सात वर्षांच्या आत पूर्ण करता येते. जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, म्हणून मेंटॉरने ते तोंडी सांगावे, त्याची श्रेयांके ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये (श्रेयांके साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) जमा झाली आहेत का ते त्याच्यासमोर तपासावे, आणि पुढच्या जून महिन्यात प्रवेश सुरू होण्याआधी त्याला एक फोन करावा.