कंपन्यांच्या दिवाळखोरीचे आकडे पुरवठादाराने कसे वाचावेत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग उधारीवर पाठवणाऱ्या उद्योजकाला कंपन्या बुडण्याचे प्रमाण कळले, तर कोणाला किती मुदत द्यायची हे ठरवणे सोपे जाते. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ दर तिमाहीला प्रकरणे किती दाखल झाली आणि कशी मिटली, याचे तक्ते प्रसिद्ध करते. ते वाचताना कायद्यातील बदलांच्या तारखा शेजारी लिहून ठेवाव्यात.

नादारी व दिवाळखोरी संहितेखालील कंपन्यांसाठीची प्रक्रिया १ डिसेंबर २०१६ पासून अमलात आली आणि तेव्हा १ लाख रुपयांची थकबाकी धनकोच्या अर्जाला पुरत असे. २४ मार्च २०२० रोजी ही मर्यादा १ कोटी झाली आणि पाठोपाठ, २५ मार्चपासून पुढील वर्षभरात थकलेल्या रकमांसाठी अर्ज करण्याची वाटच बंद करण्यात आली. त्या काळातील घसरलेला आकडा पाहून उद्योगांची प्रकृती सुधारली म्हणणे, हे दवाखाना बंद ठेवून रोगी कमी झाल्याचे सांगण्यासारखे आहे.

प्रमाण काढताना प्रकरणांच्या संख्येला नोंदणी झालेल्या सर्व कंपन्यांनी न भागता चालू कंपन्यांनी भागावे. कंपनी निबंधकांनी २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे पटावरून काढली. ती दिवाळखोरी नव्हे. अवसायनात गेलेल्यांमध्येही (म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळल्या जाणाऱ्या कंपन्यांमध्येही) आधीच बंद पडलेल्या बऱ्याच असतात, म्हणून तो आकडा त्या वर्षीच्या मंदीच्या खात्यावर सरसकट टाकू नये.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. उद्यमनगरातील मशीन शॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीचे चांदीकाम यांतील बहुतेक धंदे कंपनी नसून एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे असल्याने ते बुडाले तरी या तक्त्यात दिसत नाहीत. त्यांचा माग बँकांच्या ताबा नोटिशींतून काढावा. बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांच्या मागणी नोटिशीनंतर तारण मालमत्तेचा ताबा घेतला की त्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, द्यावी लागते. या नोटिशी वर्षभर कापून ठेवणाऱ्याला परिसराचा कल कोणत्याही अहवालाआधी कळतो, असे माझे मत आहे.

यानंतर स्वतःचे ग्राहक तपासावेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची सद्यस्थिती, शेवटच्या ताळेबंदाची तारीख आणि तिच्यावरील तारणबोजे दिसतात. ताळेबंद दोन वर्षे रखडला असेल आणि नवे बोजे चढत असतील, तर पुढील माल रोखीने द्यावा, मग ओळख कितीही जुनी असो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने, करारात जास्त मुदत असली तरी ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे. पैसे थकल्याची तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते.

ग्राहक कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरूच झाली, तर स्थगितीमुळे वसुलीचे दावे थांबतात. अशा वेळी जाहीर सूचनेतील मुदतीत बिले, डिलिव्हरी चलने आणि बाकी मान्य केल्याची पत्रे जोडून फॉर्म बी हा पुरवठादाराच्या दाव्याचा अर्ज भरावा. चलनावर माल उतरवून घेणाऱ्याची सही व शिक्का आहे की नाही, हे मात्र माल पाठवतानाच पाहायचे असते.